माझ्याआधी तिला जमलं

गिटार शिकायला जायच्या आधी मी जवळजवळ सहा महिने नुसता विचार करत होतो. माझा स्वभावच तसा. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं मी लोकांचं रक्त काढतोय. नळीवर नाव चिकटवल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही, ही सवय आता अंगात मुरली आहे. त्यामुळे चौपन्नाव्या वर्षी वाद्य शिकायचं ठरवल्यावर मी एक कोरी डायरी काढली आणि तिच्यात प्रश्न लिहायला लागलो. क्लास घरापासून किती लांब असावा? शिकवणाऱ्याला मोठ्या माणसांना शिकवायची सवय आहे का, की सगळी शाळकरी मुलंच येतात? रोज अर्धा तास बसायचं तर घरात कुठे बसायचं? तारा स्टीलच्या की नायलॉनच्या? गिटारचं खोकं मोठं की लहान? पहिले दोन महिने बोटं दुखतात, तर ड्यूटीवर सुई धरताना त्रास होईल का? डाव्या हाताची नखं कापलेली असावी लागतात हे कळल्यावर मी ती क्लासच्या किती तरी आधीपासून दर रविवारी कापत होतो.

त्या डायरीत बायकोबद्दल एक ओळही नव्हती. तिचा या प्रकाराशी काही संबंध येईल असं माझ्या डोक्यातच नव्हतं.

गिटार मला कॉलेजपासून हवी होती. तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, एका खोलीत सात माणसं. बाबांची गिरणी बंद पडली आणि त्यांनी रे रोडला एका लाकडाच्या वखारीत रात्रपाळीची वॉचमनची नोकरी धरली. सकाळी यायचे, पेज जेवायचे आणि झोपायचे ते संध्याकाळी पाचपर्यंत. तेवढा वेळ घरात कोणी भांडंसुद्धा आपटायचं नाही. आई शेंगा सोलायलाही गॅलरीत जाऊन बसायची. अशा घरात मी गिटार मागणार तरी कशी? कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या वर्गातला एक जण गिटार वाजवायचा, मी पहिल्या रांगेत बसून नुसती त्याची बोटं बघायचो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. त्या खोलीत बायकोने आपलं शिलाई मशीन नेऊन ठेवलं. बिल्डिंगमधल्या आणि बाहेरच्याही बायकांच्या साड्यांना फॉल-बीडिंग करायचं काम ती गेली वीस वर्षं करते. मशीनच्या समोरच्या कोपऱ्यात मी माझी गिटार ठेवली. मोठ्या खोक्याची, स्टीलच्या तारांची. कॉलेजात बघितलेली तशीच हवी होती मला.

क्लास दादरला होता, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. शिकवणारी मुलगी असेल सव्वीस-सत्तावीसची. आठवडाभर ती लोअर परळला एका जाहिरातीच्या ऑफिसात काम करायची आणि शनिवार-रविवार गिटार शिकवायची. मी फोनवर आधीच तिला माझे सगळे प्रश्न विचारून घेतले होते. ती न कंटाळता उत्तरं देत गेली आणि शेवटी म्हणाली, "काका, एकच सांगते. पहिली गिटार लहान खोक्याची आणि नायलॉनच्या तारांची घ्या. बोटांना सोपी जाते." मी हो म्हणालो, पण माझी गिटार तोपर्यंत घरी आली होती.

पहिल्या शनिवारी बायको माझ्याबरोबर निघाली, कारण तिला दादरहून दोरे आणि लेस घ्यायची होती. "तुमचं होईपर्यंत मी बसते बाकावर," ती म्हणाली. पिशवी मांडीवर घेऊन ती भिंतीकडेच्या बाकावर बसली. आम्ही पाच-सहा जण गोल करून बसलो. शिकवणारीने दोन मिनिटांनी तिच्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातली क्लासची एक लहान गिटार उचलून तिच्या हातात दिली.

"काकू, नुसतं बसून काय करणार? धरून तर बघा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी हसून मान हलवली. खरंच हसलो होतो, मला मजा वाटली होती.

पहिला कॉर्ड दोन बोटांचा होता. दोन तारा एका पट्टीत दाबायच्या आणि सहाही तारांवरून अंगठा फिरवायचा. मी दाबलं तर दोन तारा खरखरल्या आणि एक बोललीच नाही. बोटाच्या टोकाला तार अशी रुतली की डोळ्यांत पाणी आलं. मग बाजूने एक स्वच्छ आवाज आला. सहाच्या सहा तारा, मोकळ्या. मला वाटलं शिकवणारीने वाजवलं. वळून बघितलं तर बायको होती.

शिकवणारीने तिचा डावा हात हातात घेऊन उलटा केला आणि बोटांची टोकं अंगठ्याने दाबून बघितली. "काकू, तुम्ही काय काम करता?"

"साड्यांचे फॉल लावते. हाताने."

"म्हणून. लोकांना दोन महिने लागतात बोटं कडक व्हायला. तुमची तयारच आहेत."

फॉल लावताना उजव्या हातात सुई असते आणि डाव्या हाताची बोटं साडीच्या खाली. सुई खालून बाहेर आली की पहिली त्या बोटांना लागते. वीस वर्षं लागत आली आहे. मी तिच्या शेजारी इतकी वर्षं राहिलो, पण ती बोटं मी कधी दाबून बघितली नव्हती.

त्याच दिवशी तिचंही नाव घातलं. मीच आग्रह केला, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. दोघांनी मिळून शिकायचं, किती छान, असं मला वाटलं. फॉर्मवर फोन नंबर लिहायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "दोघांचाही माझाच लिही. हिचा फोन कापडाखाली कुठे तरी पडलेला असतो, ही उचलत नाही." क्लासचा ग्रुप, निरोप, सगळं माझ्या फोनवर यायला लागलं.

पहिला महिना बरा गेला. मी रोज पहाटे साडेपाचला उठून अर्धा तास वाजवायचो, घड्याळ लावून. बायको केव्हा वाजवायची ते तिलाही सांगता आलं नसतं. एक साडी झाली, दुसरी हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पाच मिनिटं. क्लासने तिला ती लहान गिटार घरी न्यायला दिली होती. आणि दर शनिवारी व्हायचं काय, तर मी जो धडा आठवडाभर घोटून यायचो तो तिला माझ्यापेक्षा चांगला येत असायचा. माझा ठेका सुटायचा. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मी थांबायचो आणि गाणं माझी वाट बघत उभं राहायचं. तिचा पाय मात्र खाली सारखा चालू असायचा, मशीनच्या पायडलवर असतो तसा. बोटांचं काही का होईना, पाय थांबत नसे. ती चुकली तरी ठेक्यात चुकायची.

मला सुरुवातीला जे वाटायचं त्याला मी वेगवेगळी नावं देत होतो. थकवा, वय, ड्यूटी. मग मी वस्तू आणायला लागलो. पायाखाली ठेवायचं छोटं स्टूल आणलं. बारीक तारा आणून बदलल्या. फोनवर ठोके देणारं ॲप घेतलं. ती यातलं काहीच वापरायची नाही. तिला दोन्ही पाय जमिनीला टेकलेले लागायचे.

एकदा सकाळी लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरचे एक शेजारी भेटले. म्हणाले, "काल दुपारी तुमच्याकडून गिटार ऐकू येत होती. काय सुंदर वाजवता हो. बायको आणि मी दार उघडं ठेवून ऐकत बसलो." काल दुपारी मी ड्यूटीवर होतो. मी म्हणालो, "थँक्यू. अजून शिकतोय." लिफ्ट खाली पोचेपर्यंत ते माझं कौतुक करत होते आणि मी ऐकून घेत होतो. घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं नाही.

त्यानंतर मी तिला सुधारायला लागलो. "मनगट वाकतंय तुझं." "अंगठा मागे दिसता कामा नये." "कोपर अंगाला चिकटव." यातलं अर्धं मी व्हिडिओत बघितलेलं असायचं आणि अर्धं माझंच. ती ऐकायची. मला जास्त माहीत आहे असं ती खरोखर धरून चालली होती, कारण तिच्या लेखी गिटार हा माझा विषय होता. आठवडाभर माझं ऐकून शनिवारी ती वाजवायला बसली तर तिचा हात आखडलेला, आवाज दबलेला. शिकवणारीने तिला थांबवलं.

"काकू, कोपर असं अंगाला का चिकटवलंय? कोणी सांगितलं?"

बायको म्हणाली, "माझंच काही तरी चुकलं असेल."

मी माझ्या तारा लावायचं निमित्त करून खाली बघत होतो. मला लाज वाटली, पण तेव्हा लाजेच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट वाटली. आज तरी हिचा आवाज माझ्यासारखाच येतोय, याचं बरं वाटलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा संसार झाल्यावर माणसाला स्वतःबद्दल असं काही कळावं, हे फार वाईट. आमच्यात भांडणं झाली होती, अबोले झाले होते. पण तिचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नव्हतं. तिच्याबरोबर मी कशात स्पर्धेत उतरलोच नव्हतो, म्हणूनही असेल.

हॉस्पिटलात माझ्या हाताची ख्याती आहे. ज्यांची शीर सापडत नाही असे पेशंट वॉर्डातून माझ्याकडे पाठवतात. लहान बाळांचं रक्त मीच काढतो. कारण माझं बोट नुसतं कातडीवर फिरलं की खाली काय आहे ते त्याला कळतं. माझ्या हातांवर माझा भरवसा होता. आणि तेच हात गिटारवर गेले की परक्याचे व्हायचे. तिच्या हातांचं मात्र कोणी कधी कौतुक केलं नव्हतं. बायका साडी घेऊन जाताना म्हणायच्या, "झाली का? उद्या मिळेल का?" बस. हे मला दिसत होतं. दिसूनही मला तिचा हेवा वाटत होता.

सहा महिन्यांनी क्लासचा एक छोटा कार्यक्रम ठरला. माटुंग्याला एका सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी, घरचीच माणसं ऐकायला. आम्हा आठ जणांना मिळून एक गाणं वाजवायचं होतं, तीन कॉर्डचं. हे ठरलं त्या शनिवारी बायको क्लासला आली नव्हती. गिरगावात तिच्या मोठ्या बहिणीकडे लग्न होतं आणि नवरीच्या साड्या तयार करायला ती दोन दिवस तिकडेच राहिली होती. क्लास सुटल्यावर शिकवणारीने मला थांबवलं.

"काका, काकूंसाठी एक वेगळं डोक्यात आहे. आमची एक मैत्रीण भावगीत गाणार आहे. तिला एकट्या गिटारची साथ हवीय. मला वाटतं काकूंनी करावी."

"एकटीने?"

"हो. काकू ऐकतात चांगलं. मी निरोप टाकतेच, पण तुम्हीही सांगा."

त्या संध्याकाळी निरोप आला. माझ्या फोनवर. मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. बायको रविवारी परत आली, मी सांगितलं नाही. सोमवारी दुपारी हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये बसलो असताना पुन्हा निरोप आला, 'काका, काकूंना विचारलंत का?' समोर वडा-सांबार निवत होतं. मी टाइप केलं, 'विचारलं. तिला स्टेजवर एकटीने नको वाटतं. लग्नाची कामंही आहेत.' पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'अरेरे. ठीक आहे काका. पुढच्या वेळी नक्की.'

मी फोन उलटा ठेवला आणि खाल्लं. चव लागत होती, हे मला आठवतं. किती तरी दिवसांनी मोकळं वाटलं. वाईट वाटायला सुरुवात झाली ती दुसऱ्या दिवशी. तेव्हा मला अजूनही दुरुस्त करता आलं असतं. एक फोन केला असता तरी झालं असतं. तीन आठवडे मी तो केला नाही. रोज रात्रीचं जेवण तिच्यासमोर बसून जेवलो.

कार्यक्रमाला ती बहिणीला घेऊन आली. आमच्या आठ जणांतही तिने नाव दिलं नव्हतं, कारण सरावाच्या दोन्ही दिवशी लग्नाचं काम होतं. "मी बघायला येते तुम्हांला," ती म्हणाली होती. दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या. बहिणीने मोबाइल उभा धरून माझं शूटिंग केलं. आमचं गाणं कसंबसं पार पडलं. मग भावगीत झालं. साथीला कॉलेजातली एक मुलगी होती, नीट वाजवलं तिने. मी बाजूला उभा राहून बायकोकडे बघत होतो. तिचा पाय खुर्चीखाली ठेका धरत होता आणि डाव्या हाताची बोटं पदरावर हलत होती. कॉर्ड बदलला की बोटं बदलत होती. पूर्ण गाणंभर.

कार्यक्रम संपल्यावर लोक चहा-बिस्किटं घेत होते. शिकवणारी आमच्याकडे आली आणि बायकोचा हात धरून म्हणाली, "काकू, मला तुमच्यावर रागवायचंय. तुम्ही नाही का म्हणालात? हे गाणं मी तुमच्यासाठी ठेवलं होतं."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पदर सावरायला लागतो तेवढाच. मग ती म्हणाली, "लग्नाची गडबड होती ना. नसतं जमलं."

टॅक्सीत दोघी बहिणी मागे आणि मी पुढे. दोघी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होत्या. लालबागला आम्ही उतरलो, बहीण तशीच पुढे गिरगावला गेली. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. अकरा मजले ती दारावरचे आकडे बघत होती.

घरात आल्यावर ती साडी न बदलता मशीनच्या स्टुलावर बसली. सात वाजले असतील. खालच्या मैदानात व्हॉलीबॉलचा आवाज येत होता.

"कधी विचारलं होतं तिने?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तुम्ही परस्पर नाही म्हणून सांगितलंत."

"हो."

"का?"

लग्नाची कामं, स्टेजची भीती, तिला त्रास नको, अशी सगळी उत्तरं माझ्याकडे होती. ती मी बाजूला ठेवली. मी म्हणालो, "तुला येतं. मला येत नाही."

ती हसेल असं मला वाटलं होतं, हसली असती तर बरं झालं असतं. मग ती मालवणीत बोलली. माझ्याशी ती कधी मालवणी बोलत नाही, ते तिचं आईशी आणि बहिणीशी बोलायचं.

"माका सांगूक काय झाला होता तुमका?" आणि पुन्हा नेहमीच्या बोलीत आली. "सांगितलं असतंत तर मी सोडलं असतं. मला काय. मी दोरे घ्यायला आले होते."

ते वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. जे मी पस्तीस वर्षं मनात धरून बसलो होतो ते ती हातातल्या पिशवीसारखं खाली ठेवू शकत होती. आणि तरीही ते तिलाच येत होतं.

"तू सोडावंस असं मला नको होतं," मी म्हणालो.

"मग काय हवं होतं?"

"तुला येऊ नये असं वाटायचं. तू यावंस, बसावंस, पण तुला येऊ नये."

मोठ्याने बोलल्यावर ते किती हलकट वाटतं हे मला ऐकू आलं. तिने मशीनवरची अर्धी राहिलेली साडी घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"आणि ते कोपर?" तिने विचारलं. "ते मुद्दाम सांगितलं होतंत?"

"मुद्दाम नाही. पण तुझं बिघडल्यावर मला बरं वाटलं."

यावर ती रडली. आवाज न करता, खाली बघून. मी तिच्याजवळ जायला उठलो तर तिने हात आडवा केला. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "अर्ध्या तासापूर्वी विचारलं असतंत तर सोडलं असतं. आता नाही सोडणार. तिचा नंबर द्या मला."

मी नंबर दिला. तिने आपला फोन साडीच्या ढिगातून शोधून काढला आणि तिथेच, माझ्यासमोर, लावला. "मी बोलतेय. काकू. हो, हा माझा नंबर. यापुढे माझ्यासाठी काही असेल तर मलाच विचार हं बाळा. नाही नाही, काही झालं नाही. मला रविवारी सकाळी यायचंय, शनिवारी नको. जागा आहे? बरं."

पुढच्या शनिवारी मी एकटाच क्लासला गेलो. सगळे गेल्यावर मी शिकवणारीला खरं काय ते सांगितलं. मला वाटलं होतं ती मोठ्या मनाने जाऊ दे म्हणेल. ती तसं म्हणाली नाही. गिटारच्या खुंट्यांवरची धूळ पुसत राहिली आणि म्हणाली, "काका, मी घरी आईला तुमच्या दोघांचं उदाहरण द्यायचे." जाताना तिने सांगितलं की माझी गिटार मला मोठी पडते, हात फार लांबून येतो, म्हणून ठेका सुटतो. हे तिने फोनवरही सांगितलं होतं, तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आता कोणी मला विचारलं की गिटार शिकायच्या आधी काय बघावं, तर मी एवढंच सांगतो की आपल्या अंगाला बसेल ती घ्या, आपल्या डोळ्यांसमोर असेल ती नको. बाकीचं मी सांगत नाही.

घरात बरेच दिवस नीट नव्हतं. ती बोलायची, जेवायला वाढायची, पण मी घरी असताना गिटार हातात घ्यायची नाही. मी ड्यूटीवरून आलो की लहान गिटार पलंगाखाली गेलेली असायची. मी एकदा म्हणालो, "वाजव ना, मी बाहेर बसतो." ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसलेले मला कळतं." असे तीन-चार महिने गेले. मग एका दुपारी मला सुट्टी असताना तिने मशीन थांबवलं आणि न बोलता गिटार काढली. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतो, तसाच निवडत राहिलो. कौतुक केलं नाही. कौतुक करायचा हक्क मी घालवला होता, असं मला वाटत होतं.

यंदा तिच्या बहिणीच्या गिरगावातल्या इमारतीत हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. खालच्या चौकात सतरंज्या घातल्या होत्या. बहीण गाते, शाळेत असल्यापासून गाते. तिने बायकोला साथीला बसवलं. बायकांचा कार्यक्रम, म्हणून आम्ही चार-पाच पुरुष मागे जिन्यापाशी उभे. बहिणीने एक जुनं भावगीत घेतलं आणि बायकोने सुरुवातीचे सूर छेडले.

मत्सर गेला होता असं मी सांगणार नाही. पहिल्या ओळीलाच तो आला, जुन्या जागी, छातीच्या डाव्या बाजूला. समोरच्या गॅलरीतल्या बायका वाकून बघायला लागल्या तेव्हा आणखी वाढला. मी तिच्या चुका शोधत होतो, हेही खरं. दुसऱ्या कडव्यात मला एक सापडली. तिने ठेका थोडा पुढे ओढला. कोणाला कळलं नाही, मला कळलं. त्याने मला जे समाधान वाटलं ते घेऊन मी गाणं संपेपर्यंत उभा राहिलो. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

घरी जाताना टॅक्सीत आम्ही दोघंच होतो, मध्ये तिची गिटार. गिरगाव मागे पडल्यावर तिने विचारलं, "कसं झालं?"

त्या भांडणानंतर तिने मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. छान म्हणून मोकळं होता आलं असतं.

"दुसऱ्या कडव्यात तू जरा घाई केलीस," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "ताईचा श्वास पुरत नव्हता. हल्ली तिला दम लागतो. मी पुढे गेले नसते तर ती मध्येच तुटली असती."

ते गाणं मी पण ऐकलं होतं. कान देऊन ऐकलं होतं, पण फक्त तिची बोटं ऐकली होती. गाणारीचा श्वास मला ऐकूच आला नव्हता. मला पुन्हा हेवा वाटला, आधीच्यापेक्षा जास्त, कारण हे तर रोज पहाटे उठून घोटण्यातलं नव्हतं.

"मला अजूनही तुझा हेवा वाटतो," मी म्हणालो. "आज उभं राहवत नव्हतं."

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. तिने खिडकीची काच थोडी खाली केली.

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "वाटला की सांगत जा."